कोजागिरीला पेरणी, होळीला बी: घरात दवबिंदू वाढवण्याची सगळी रीत

कीटकभक्षी झाड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे व्हीनस फ्लायट्रॅप येतो. दातेरी जबडा आणि त्यात अडकलेली माशी मोबाइलवर पाहिलेली असते, मग तेच घरी हवं असतं. पण तुमचं घर अकोला, यवतमाळ किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असेल आणि सुरुवात बियांपासून करायची असेल, तर पहिल्या वर्षी फ्लायट्रॅपच्या नादी लागू नका. दवबिंदू पेरा. शास्त्रीय भाषेत ड्रॉसेरा, आणि त्यातली ड्रॉसेरा बर्मानी ही जात.

ही जात आपल्याकडचीच आहे. पूर्व विदर्भात पावसाळा सरताना धानाच्या बांध्यांचे धुरे, बोडीचा ओलसर काठ, झुडपी जंगलातली उघडी बरड जमीन अशा ठिकाणी खाली वाकून पाहिलं, तर जमिनीला चिकटलेली रुपयाच्या नाण्याएवढी लालसर चक्री दिसते. प्रत्येक पानावर चिकट थेंब, आणि थेंबांत अडकलेली चिलटं. तोच दवबिंदू. त्याच्या शेजारीच बऱ्याचदा सीतेच्या आसवांच्या कुळातली जांभळी किंवा पिवळी फुलं डोलत असतात. तीही कीटकभक्षीच, पण त्यांचे सापळे ओल्या मातीत किंवा पाण्याखाली असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत.

बर्मानी वर्षायू आहे. पावसाच्या ओलीवर उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि उन्हाळा बीच्या रूपात काढायचा, हा तिचा जगण्याचा क्रम. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कोणत्याही नाजूक रोपाला जगवत बसण्यापेक्षा बी पाकिटात घालून फ्रिजमध्ये ठेवणं केव्हाही सोपं. म्हणून मी या झाडाकडे रब्बीच्या पिकासारखं पाहते. कोजागिरीच्या आसपास पेरायचं, संक्रांतीपर्यंत वाढवायचं, होळीच्या पुढेमागे बी धरायचं आणि मे अखेरच्या नवतप्यात कुंडी रिकामी ठेवायची. पुढची सगळी रीत या वेळापत्रकावर बसवलेली आहे.

खताचा हात आवरा

शेतीत वाढलेल्या माणसाला ही झाडं अवघड जातात ती याच कारणाने. रोप दिसलं की आपला हात शेणखताकडे जातो, पान पिवळं दिसलं की युरियाकडे. इथे दोन्ही जीवघेणे आहेत. दवबिंदू मुळात अशा जमिनीत वाढतो जिथे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच. पावसाने क्षार धुऊन नेलेली, आम्लधर्मी, सतत ओली जमीन. मुळांतून खायला मिळत नाही म्हणूनच पानाने शिकार करायची वेळ आली. पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट द्रव असतो. कीटक त्यात अडकला की आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकतात, पाचक रस सुटतो आणि विरघळलेलं नत्र पान शोषून घेतं. बर्मानीच्या पानाच्या कडेचे लांब केस तर काही सेकंदांत आत वळतात. भिंग घेऊन बसलात तर हालचाल डोळ्यांनी दिसते.

मुळांचं काम उरलं पाणी पिणं आणि रोप धरून ठेवणं एवढंच. या मुळांना क्षार सोसत नाहीत. म्हणून काळी माती, शेणखत, गांडूळखत, राख, चुना यांतलं काहीही कुंडीच्या जवळ आणायचं नाही. आपली काळी कसदार माती पऱ्हाटीला सोनं असेल, पण तिच्यात चुनखडी असते आणि ती दवबिंदूला मारते.

पाणी: निम्मं काम इथेच

बी, माती, दिवा हे सगळं विकत मिळतं. पाण्याची व्यवस्था मात्र तुम्हालाच लावावी लागते आणि तीही पेरणीच्या आधी, पावसाळ्यातच.

झाडाला लागतं ते जवळजवळ क्षारमुक्त पाणी. टीडीएस, म्हणजे एका लिटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, ५० च्या आत असेल तर उत्तम, १०० पर्यंत कसंबसं चालतं, त्यापुढे नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा धरतात, तेव्हा पिण्यायोग्य पाणीही या झाडाला खारट पडू शकतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याचे काही भाग, तिथे विहिरीच्या पाण्याचा विचारच करू नका. पण इतर भागातल्या बोअर आणि हातपंपाच्या पाण्यातही क्षार भरपूर असतात; भांड्यावर पांढरा थर धरत असेल तर मीटर लावायचीही गरज नाही. पाणी उकळून उपयोग होत नाही. पाणी उडून जातं, क्षार आणखी दाट होतात.

टीडीएस मीटर दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. या छंदात पहिली खरेदी बियांची नको, या मीटरची करा.

मग पाणी आणायचं कुठून? सगळ्यात चांगलं पावसाचं. ते कसं धरता याला मात्र महत्त्व आहे. सिमेंटच्या स्लॅबवरून आलेल्या पाण्यात चुना उतरतो, कवेलूवरून आलेल्या पाण्यात धूळ, काड्या आणि पाखरांची विष्ठा. टिनाच्या पत्र्यावरून धरायचं तर मृगाचे पहिले दोन-चार पाऊस वाहू द्या, पत्रा धुऊन निघाला की मग पन्हाळीखाली ड्रम लावा. मला त्याहून बरी वाटते ती साधी पद्धत: सांदवाडीत उघड्यावर मोठा टब ठेवायचा आणि आभाळातून थेट पडेल तेवढंच पाणी घ्यायचं. एक चौरस मीटर तोंडाच्या भांड्यात १० मिलिमीटर पावसाने १० लिटर पाणी जमतं, म्हणजे श्रावणातल्या एखाद्या झडीत बरंच काम होतं.

किती साठवायचं? दीड फूट बाय एक फूट आकाराच्या एका ट्रेला हिवाळ्यात दिवसाला पाव ते अर्धा लिटर पुरतं, मार्चनंतर त्याच्या दुप्पट-तिप्पट. ऑक्टोबर ते एप्रिल धरला तर एका ट्रेमागे शंभर-सव्वाशे लिटर जवळ असू द्या. ड्रम झाकणाचा हवा आणि झाकणाखाली तोंडाला कापड बांधा, नाहीतर घरात डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल. आणि एक गोष्ट आपल्या भागात मुद्दाम सांगावी लागते: फवारणीच्या औषधाचा डबा किंवा कॅन कितीही धुतला तरी त्यात पाणी भरू नका. तणनाशकाचा अंश राहिला तर रोपं जातीलच, पण तो डबा घरात असणं माणसांसाठीही वाईट.

पावसाचं पाणी संपलं तर गावातल्या आरओ केंद्राचा कॅन चालतो, पण मीटर लावून पाहा. बरेच जण चवीसाठी आरओच्या पाण्यात साधं पाणी मिसळतात आणि आकडा शंभराच्या पुढे जातो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेही उत्तम. फक्त बाटली पाण्याचीच आहे ना, ॲसिडची नाही ना, हे लेबल वाचून खात्री करा. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही क्षारमुक्त असतं. कूलरचं मात्र अजिबात नको. कूलरच्या टाकीत पाणी उडून उडून क्षार साचत जातात, ते विहिरीच्या पाण्यापेक्षाही वाईट.

कुंडीत काय भरायचं

पीट मॉस, म्हणजे दलदलीतल्या शेवाळाचा जुना भुगा, आणि परलाइट, म्हणजे भट्टीत फुगवलेल्या दगडाचे पांढरे, हलके दाणे. दोन भाग पीट, एक भाग परलाइट. दोन्ही मोठ्या नर्सरीत किंवा ऑनलाइन मिळतात. पीट घेताना पाकीट नीट वाचा. ‘पॉटिंग मिक्स’ म्हणून विकतात त्यात खत आणि चुना मिसळलेला असतो. नुसता पीट मॉसच हवा. शंका असेल तर मूठभर पीट पावसाच्या पाण्यात तासभर भिजवा, पाणी गाळून मीटर लावा. आकडा फार चढला तर ती पिशवी मिरचीच्या कुंडीला वापरा.

परलाइट नाही मिळालं तर रेती चालते, पण बघून. आपल्याकडच्या नदीच्या रेतीत गारेचे कण भरपूर असतात, तरी चुनखडीचे खडेही असू शकतात. वाटीत थोडी रेती घेऊन वरून व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर ती रेती बाद. नाही आले तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, शेवटचं धुणं पावसाच्या पाण्याने. परलाइट वापरणार असाल तर आधी पाणी शिंपडून ओलं करा आणि तोंडाला रुमाल बांधा. त्याची कोरडी धूळ छातीत जाणं बरं नाही.

कोकोपीट स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं, म्हणून हमखास विचारलं जातं. नारळाच्या काथ्यात मीठ असतं. पुष्कळदा धुऊन, मीटरचा आकडा खाली आणून काही लोक वापरतात. पहिल्या पेरणीला ती जोखीम कशाला?

कोरडा पीट पाणी धरत नाही, वर तरंगतो. गरम केलेलं पावसाचं पाणी ओतून हाताने मळा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब गळावेत इतपत ओल बरोबर.

कुंडी प्लॅस्टिकची, आठ-दहा सेंटिमीटर खोल. दह्याचे किंवा आइस्क्रीमचे डबे खाली चार-पाच भोकं पाडून सुरेख चालतात. मातीच्या कुंडीच्या अंगातून क्षार झिरपतात आणि ती पाणीही उडवते, म्हणून नको. मिश्रण भरताना ठोकून दाबू नका, डबा दोनदा जमिनीवर आपटला की पुरे. वर बोटभर जागा सोडा.

बी कुठून आणायचं

ऑनलाइन निळे, जांभळे, इंद्रधनुषी फ्लायट्रॅप दिसतात. असली झाडं नसतात. ‘शंभर बिया एकोणपन्नास रुपये’ अशा पाकिटांतून बहुतेक वेळा गवत उगवतं किंवा काहीच नाही. ओळख सोपी आहे. बर्मानीचं बी काळं आणि खसखशीहूनही कितीतरी बारीक, कागदावर धुळीसारखं दिसणारं. दवबिंदूचीच दुसरी जात ड्रॉसेरा कॅपेन्सिस, तिचं बी बारीक काळ्या सुईच्या तुकड्यासारखं. फ्लायट्रॅपचं काळं, चकचकीत, एका टोकाला निमुळतं. पाकिटात तपकिरी चपटं, मोठं काही निघालं तर ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे. स्वतः झाडं वाढवणाऱ्या माणसाकडून, बी कधी धरलं ते सांगणाऱ्याकडून घ्या.

रानातून आणायचं का? ताडोबा, नवेगाव-नागझिरा, मेळघाट अशा संरक्षित जंगलातून पानही उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. ओळखीच्या माणसाच्या शेताच्या धुऱ्यावर दवबिंदू असेल तर त्याला विचारून दिवाळीच्या आसपास वाळलेल्या दांड्यांवरची दोन-तीन बोंडं कागदात झटकून घ्या, बाकीची तिथेच राहू द्या. रोप उपटू नका. मुळं इतकी नाजूक असतात की घरी येईपर्यंत निम्मा जीव गेलेला असतो, आणि पुढच्या वर्षी तो धुराही रिकामा होतो.

तिथेच उभा वाढणारा, लांब गवती पानांचा दवबिंदूही भेटेल, ड्रॉसेरा इंडिका. दिसायला फार देखणा, पण घरात उगवायला लहरी. त्याच्या बीला कोरड्या उन्हाळ्याचा ताप मिळाल्याशिवाय ते सहसा जागं होत नाही. ठेवायचंच असेल तर कागदाच्या पाकिटात उन्हाळाभर घरातच ठेवा, फ्रिजमध्ये नको, आणि मृगात पेरा.

पेरणी

पंखा बंद करा. हे गमतीने सांगत नाही. उघडं पाकीट आणि सुरू पंखा, एवढ्यावर अख्खं बी घरभर होतं.

पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घाला, घडीत बी ओता, कागद तिरका धरून बोटाने हलक्या टिचक्या मारत डब्यावर फिरवा. विरळ पेरा. बर्मानीला जागा बदललेली आवडत नाही, त्यामुळे दाट पेरून पुढे विरळणी करण्यापेक्षा आधीच दोन बियांत बोटभर अंतर पडेल असं पाहावं. तसं अगदी जमत नाही, पण प्रयत्न करावा.

बीवर माती टाकायची नाही. दाबायचं नाही. दवबिंदूचं बी उजेड मिळाल्यावरच उगवतं. गव्हा-हरभऱ्याप्रमाणे झाकलं की संपलं. वरून पाणी ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होईल, म्हणून डबा ट्रेमध्ये ठेवून ट्रेत एक-दीड सेंटिमीटर पावसाचं पाणी घाला. पाणी खालून वर चढेल. फवारायचंच असेल तर नवी छोटी बाटली घ्या. पाठीवरचा फवारणी पंप किंवा त्याचा नोझल या कामाला कधीच नाही.

डब्याच्या तोंडावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून रबर लावा, चार-सहा टाचणीची भोकं पाडा. डब्यावर जातीचं नाव आणि तारीख लिहा. दोन महिन्यांनी सगळी रोपं सारखीच दिसतात.

२२ ते ३० अंशांत बर्मानी साधारण दोन ते चार आठवड्यांत उगवते. कोजागिरीनंतरचं आपल्याकडचं हवामान नेमकं असंच असतं, म्हणून तो मुहूर्त. महिनाभर काही दिसलं नाही तरी डबा फेकू नका. दीड-दोन महिन्यांनीही काही बिया डोकं वर काढतात.

उजेड

खिडकीतला उजेड पुरेल असं वाटतं, पण गावातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या पाहता पुरत नाही. पूर्वेची मोठी खिडकी असेल आणि सकाळचे तीन-चार तास थेट ऊन येत असेल तर गोष्ट वेगळी. पण झाकलेला डबा थेट उन्हात ठेवाल तर आतली हवा तापून बी उकडेल, हे लक्षात ठेवा.

घरात लावतो त्याच २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या दोन घ्या, डब्यांपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर टांगा. जांभळा प्रकाश देणाऱ्या खास दिव्यांची गरज नाही. रोज १४ तास लावले तर दोन्ही मिळून दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज, महिन्याला सतरा युनिट. शंभर युनिटच्या आतला दर पडत असेल तर चिंता नाही. त्या काठावर असाल तर एकच पट्टी लावा आणि डबे तिच्या थेट खाली आणा.

लोडशेडिंगचं फार मनावर घेऊ नका. दोन-चार तास दिवा गेला तर रोप मरत नाही. मात्र चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. आठ दिवसांत तुमचा दिवा दुपारी सुरू होऊन पहाटेपर्यंत जळत राहील. बॅटरी असलेला टायमर घ्या किंवा सरळ हाताने लावा-विझवा.

उजेड पुरेसा आहे का, हे रोप स्वतः सांगतं. पानं आखूड, जमिनीलगत आणि लालसर असतील तर ठीक. हिरवी, लांब, वर उचललेली आणि थेंब नसलेली असतील तर दिवा खाली आणा.

पहिले दोन महिने

सुरुवातीला हिरवा ठिपका दिसतो, मग दोन इवली साधी पानं. तिसऱ्या पानापासून भिंगातून केस आणि त्यावरचे थेंब दिसू लागतात. एवढ्याशा पानानेही ते शिकारीला लागतं.

रोपं उगवली की झाकण एकदम काढू नका. आधी भोकं वाढवा, मग एक कड उघडी ठेवा, दोन-तीन आठवड्यांत पूर्ण काढा. नोव्हेंबर-डिसेंबरची आपली हवा कोरडी असते. घाई केली तर थेंब वाळून पानं सुकी दिसतात. उलट झाकण फार दिवस ठेवलं तर पांढरी बुरशी येते. बुरशी दिसली तर तेवढा भाग टूथपिकने उचलून टाका आणि हवा खेळू द्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तांब्याचं बुरशीनाशक, म्हणजे बोर्डो वगैरे, इथे नको.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री नागपूर-गोंदियाकडे पारा दहाच्या खाली जातो. घरात तेवढी थंडी नसते, तरी वाढ मंदावते. रात्री झाकण घाला आणि ट्रेतलं पाणी थोडं कमी ठेवा. बाकी काही करायचं नाही, आणि इथे काही न करणंच लोकांना जड जातं.

चारा

घरातली, शेजारची मुलं जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: “काकू, याले मटन टाकू का?” नाही. शिजलेलं, कच्चं, कोणतंच मांस नाही. भाकरीचा तुकडाही नाही. सडतं, बुरशी धरतं आणि पान कुजतं.

रोप तीन-चार मिलिमीटर झालं की माशांच्या टाकीत टाकतात तो कोरडा चारा बारीक कुटून घ्या. ओल्या टूथपिकच्या टोकाला लागेल तेवढाच कण पानावर ठेवा. कण पानावरच्या थेंबाहून मोठा नको. पंधरा दिवसांतून एकदा, एका रोपाच्या एका-दोन पानांवर. चारा दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांत महिन्याभरात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. ज्याला पटत नसेल त्याने एक डबा उपाशी ठेवून बघावा.

रोप नाण्याएवढं झाल्यावर घरचाच माल चालतो. मच्छर मारायच्या बॅटने मेलेला डास चिमट्याने पानावर ठेवा. कीटक जिवंतच हवा असं दवबिंदूचं नसतं, त्याच्या अंगातल्या रसायनांनीही केस वळतात. मात्र फवारा मारून मेलेला डास नको, अगरबत्ती-लिक्विडच्या खोलीतला तर मुळीच नको. शेतातले तुडतुडे आणायचा मोह होतो, पण फवारणी झालेल्या पऱ्हाटीतून काहीही आणू नका.

आणि हो, दवबिंदूमुळे घरातले डास कमी होतात असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मच्छरदाणी लावा.

बिघाड

मावा येतो. कोवळी पानं वेडीवाकडी निघाली की मधल्या गाभ्यात भिंगाने बघा. साबणाचं पाणी किंवा निंबोळी तेल या पानांना सोसत नाही. अख्खा डबाच पावसाच्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा, मावा गुदमरतो आणि रोप सावरतं. थेंब धुऊन जातात, आठवड्यात परत येतात.

पृष्ठभागावर हिरवं शेवाळ चढलं तर पाणी जास्त आणि हवा कमी, असं समजा. ट्रेतलं पाणी मधून एखादा दिवस आटू द्या, मग परत घाला. माती मात्र कोरडी पडता कामा नये. एकदा पीट पूर्ण वाळला तर रोप परत येत नाही.

जुनी खालची पानं काळी पडणं हा आजार नाही. ती नेहमीच मरतात. गाभ्यातलं नवं पान काळं पडलं तर पाण्याचा टीडीएस पुन्हा मोजा.

बी धरणं

चांगला उजेड आणि चारा मिळाला तर तीन-चार महिन्यांत मधून बारीक दांडा निघतो. छोटी पांढरी फुलं एका वेळी एकेक, सकाळी काही तास उघडतात आणि स्वतःच स्वतःचं परागण करतात. तुम्ही हात लावायची गरज नाही. फ्लायट्रॅपला बी नको असेल तर दांडा कापतात, इथे कापू नका. आपल्याला बीच हवंय.

होळीच्या सुमारास बोंडं तपकिरी होऊन तोंडं उघडू लागतात. दांडा कापा, पांढऱ्या कागदावर उलटा धरून टिचकी मारा. काळी धूळ पडेल, तेच बी. आठवडाभर सावलीत कागदातच वाळू द्या, मग छोट्या कागदी पाकिटात भरा. पाकीट घट्ट झाकणाच्या डबीत, सोबत औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी, आणि डबी फ्रिजच्या दारात. असं ठेवलेलं बी एक-दोन वर्षं सहज टिकतं. एका रोपापासून शेकड्यांनी बी मिळतं, तेव्हा दोन-तीन घरांत वाटून ठेवा. तुमचं गेलं तर परत मागता येतं.

बी दिल्यावर बर्मानीचं रोप बहुतेक मरतंच. डब्यातली माती टाकू नका. ती ओली ठेवून कूलरच्या खोलीत, झोतापासून दूर, एका कोपऱ्यात ठेवली तर तिच्यात पडलेलं बी जूनमध्ये आपसूक उगवलेलं पुष्कळदा दिसतं.

पुढची इयत्ता

एक हंगाम पार पडला की ड्रॉसेरा कॅपेन्सिस घ्या. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली ही जात बियांपासून तितकीच सोपी, पट्टीच्या आकाराची लांब पानं शिकारीभोवती गुंडाळते आणि बरीच वर्षं जगते. अडचण एकच, एप्रिल-मे. कूलरच्या खोलीत, दिव्याखाली, ट्रेतलं पाणी गरम होऊ न देता ती निघते. वरून जळाल्यासारखी दिसली तरी कुंडी ओली ठेवा. मुळांतून पावसाळ्यात नवे फुटवे येतात.

फ्लायट्रॅपची गोष्ट लांबची. तो अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीचा. ताजं बी दोन ते पाच आठवड्यांत उगवतं, पण पूर्ण वाढायला तीन ते पाच वर्षं लागतात आणि दर हिवाळ्यात तीनेक महिने थंड विश्रांती हवी असते. पहिला हिवाळा रोपांना दिव्याखाली न झोपवता काढता येतो. पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवा बंद करून कुंडी उत्तरेच्या खिडकीत किंवा उघड्या ओसरीत ठेवा. आपल्या रात्री बऱ्यापैकी थंड असतात, दिवस मात्र उबदार, म्हणून झोप अर्धवट होते. चिखलदऱ्याला कुणी नातेवाईक असेल तर कुंडी हिवाळाभर तिकडे धाडा. सापळ्यात आतल्या बारीक केसांना वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तर तो मिटतो. मुलांना काडी घालून खेळू देऊ नका, एकेक सापळा मोजक्याच वेळा मिटून मग काळा पडतो.

सारासेनिया, म्हणजे नळीसारख्या उभ्या पानांत कीटक पकडणारं अमेरिकेतलं झाड, त्याचं बी पेरण्याआधी ओल्या पीटमध्ये गुंडाळून चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि त्याचाही हिवाळ्याचा हट्ट फ्लायट्रॅपसारखाच.

घटपर्णी म्हणजे नेपेंथिस बियांपासून करू नका, एवढंच सांगेन. तिचं बी काही आठवड्यांत निकामी होऊ लागतं, नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि रोपाला ओळखण्याइतके घट यायला वर्षं जातात. भारतात रानात सापडणारी एकमेव जात, नेपेंथिस खासियाना, मेघालयातली. ती कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा तिचं बी किंवा रानातलं रोप कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. हौस असेल तर नर्सरीत वाढवलेल्या संकराचं रोप बिलासकट घ्या आणि न्हाणीघराच्या खिडकीत टांगा, तिथली दमट हवा तिला मानवते.